माळावरचा साकव

"सर, ह्यो आमचा साकव न्हवं," धुळू झोरे म्हणाला. खांद्यावरचं घोंगडं काढून त्यानं खाली टाकलं आणि त्यावर बसून घेतलं. निकाल लागेपर्यंत तो तिथून हलणार नव्हता.

आम्ही चौघे सड्यावर होतो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचा उघडा माळ, आंबेखोलच्या ओढ्यापासून सव्वाचार किलोमीटर लांब. झाड नाही, झुडूप नाही, पाण्याचं तर नावच काढू नका. मार्चचं ऊन डोक्यावर होतं. समोर चुन्याच्या फक्कीनं दोन चौकोन आखले होते. एका चौकोनावरून साकव सुरू होणार होता आणि दुसऱ्यावर संपणार होता. साकव म्हणजे ओढ्यावरून पायी जाण्यापुरता लहान पूल. या दोन चौकोनांमध्ये ओढा सोडाच, साधी घळही नव्हती. तिथे एक बकरी बसून रवंथ करत होती आणि ती धुळूचीच होती.

"तुमचाच आहे," हेब्बाळे साहेब म्हणाले. ते शाखा अभियंता होते, वयानं तरुण, तोंडात सुपारी. त्यांनी फोन धुळूच्या नाकासमोर धरला. "हा बघा आकडा. सोळा पॉइंट शून्य तीनशे वीस. आणि हा चौऱ्याहत्तर पॉइंट शून्य चारशे तीस. मंजुरीच्या कागदावर हेच आकडे आहेत की नाही?"

"मला काय वाचाय येतंय व्हय? पण साकव वड्यावर असतोय, एवढं ठावं हाय."

"ओढा असो नसो. मंजुरी इथली आहे."

सरपंच मारुतराव देसाई मध्ये पडले. या माणसाला कुठल्याही प्रसंगात मध्ये पडल्याशिवाय चैन पडत नसे. "साहेब, समजा पूल इथं झाला, तर मागाहून चर खणून ओढा इकडं वळवता येईल काय?"

हेब्बाळ्यांनी त्यावर खरोखर विचार केला. "ते जलसंधारणाकडे येतं," ते म्हणाले. "वेगळा प्रस्ताव द्यावा लागेल."

मग तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. मला तिथे नेलंच होतं त्यासाठी. मी मुरलीधर डेळेकर, आंबेखोल हायस्कूलचा भूगोल शिक्षक. सव्वीस वर्षं मी मुलांना अक्षांश-रेखांश शिकवत होतो. पंचक्रोशीत कुणाला पूर्व-पश्चिमेची शंका आली, तरी ते मला विचारत. साकवाच्या अर्जातले आकडेही मीच काढून दिले होते.

मी खिशातून माझी चिठ्ठी काढली, चष्मा लावला आणि मंजुरीचा कागद तिच्याशेजारी धरला. सोळा, शून्य तीन, वीस. चौऱ्याहत्तर, शून्य चार, तीस. एकही आकडा इकडचा तिकडे झाला नव्हता.

"आकडे बरोबर आहेत," मी म्हणालो. "माझेच आहेत. चूक या यंत्राची आहे."

"यंत्र चुकत नसतं, सर. ते उपग्रहावरून घेतं."

"उपग्रह कुणी सोडलाय? अमेरिकेनं. त्यांच्या जमिनीला तो बरोबर दाखवत असेल. आमच्या सह्याद्रीचं त्याला काय ठाऊक?"

सरपंचांनी मान डोलावली. अमेरिकेवरचा आरोप त्यांना लगेच पटला. हेब्बाळे मात्र सुपारी चघळत शांतपणे म्हणाले, "हे बघा, माझं कुणाशी भांडण नाही. कामाच्या जागेवरून फोटो काढायचा, फोटोवर आकडा आपोआप छापून येतो. तो मंजुरीशी जुळला तर काम झालं, नाहीतर नाही. आता मार्चअखेरीला राहिले एकोणीस दिवस. आकडे ज्यानं दिले त्यानं लेखी द्यावं, की माझे आकडे चुकले. मी एका दिवसात जागा बदलून आणतो. साधं शुद्धिपत्र लागतं. बोला, चुकलंय का कुणी?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्या अख्ख्या सड्यावर चुकलेला माणूस एकही नव्हता.

"मग झालं तर," हेब्बाळे म्हणाले.

धुळू उठला. घोंगडं झटकून त्यानं खांद्यावर टाकलं आणि तो फक्त माझ्याशी बोलला. "सर, पोरीची आठवी सरत आली. मी तुमाला म्हटलं हुतं, साकव झाला तर नववीला धाडतो. न्हाईतर बकऱ्यांमागं लावतो. मिरगात वड्यावरच्या लाकडावरनं पोरगी धाडायची, आन् दिसभर तिच्या आईनं देव पाण्यात घालून बसायचं, हे आता बास झालं."

"होईल रे साकव," मी म्हणालो. "मी आहे ना."

हे वाक्य मी आयुष्यात पुष्कळांना ऐकवलं आहे. त्यांचं पुढे काय झालं, ते बघायला मी सहसा थांबलेलो नाही.

ज्या पोरीबद्दल तो बोलत होता ती सगुणा. आंबेखोलच्या पलीकडे, गवळदेवाच्या ओढ्याच्या वरच्या अंगाला अकरा घरांचा धनगरवाडा होता आणि तिथून हायस्कूलला येणारी ती एकटीच. पावसाळ्यात ओढा फुगला की तिच्या नावापुढे महिना महिना 'गै' लागायची. दसऱ्यानंतर ती यायची आणि जानेवारीपर्यंत सगळ्यांच्या पुढे गेलेली असायची. गणितात तर तिला विचारायची सोय नव्हती, कारण उत्तर आधी यायचं आणि आपला प्रश्न मागून पुरा व्हायचा. शिक्षकाला असा विद्यार्थी फार आवडतो असं म्हणतात. सांगताना मीही तसंच सांगतो.

आता ते आकडे मी कसे काढले, तेही सांगतो, कारण त्याचा मला फार अभिमान होता. माझ्याकडे सर्वेक्षण खात्याचा एक जुना नकाशा होता. बेळगावच्या रद्दीवाल्याकडून तो मी मिळवला होता आणि मागून कापड चिकटवून वर्गात टांगला होता. त्यावर आमचा ओढा होता, पायवाट होती, धनगरवाड्याचे अकरा ठिपकेही होते. साकवाच्या अर्जात जागेचा अक्षांश आणि रेखांश लिहायचा नवा रकाना आला, तेव्हा सरपंच धावत माझ्याकडे आले. मी दोन दिवस घेतले. दोरा, पट्टी आणि भिंग घेऊन मी मोजलं. सोळा अंश, तीन मिनिटं, वीस सेकंद उत्तर. चौऱ्याहत्तर अंश, चार मिनिटं, तीस सेकंद पूर्व. ओढ्याच्या ज्या वळणावर लाकूड टाकलेलं असे, बरोबर तिथला बिंदू. आजही कुणी मोजावं, माझं मोजमाप चुकलेलं नाही.

ग्रामपंचायतीत अर्ज संगणकावर भरायचा होता. ऑपरेटरच्या खुर्चीवर मी स्वतः बसलो, कारण आकडे माझे होते. पण तो रकाना काही माझ्या खुणा घेईना. अंशाचा छोटा गोल नको, मिनिटाची एक रेघ नको, सेकंदाच्या दोन रेघा तर नकोतच. लाल अक्षरं उमटायची आणि सगळं पुसलं जायचं. आकडे आणि एक टिंब, एवढंच त्याला चालत होतं.

"खुणा काढा की सर," ऑपरेटर म्हणाला. "नुसते आकडे टाका."

मग मी अंशानंतर टिंब दिलं आणि पुढे मिनिटं-सेकंद ओळीनं टाकले. सोळा, टिंब, शून्य तीन, वीस. रकाना निमूटपणे हिरवा झाला. सरपंचांनी टाळी वाजवली. "शेवटी जाणकार तो जाणकार," ते म्हणाले, आणि मी उगाचच चष्मा पुसला.

सड्यावरून घरी आलो तो तावातच. जेवण न करता मी लिहायला बसलो. 'सह्याद्रीच्या डोंगराळ प्रदेशात उपग्रहीय स्थाननिश्चितीमध्ये होणारी सव्वाचार किलोमीटरची चूक : एक निरीक्षण' असं भलंमोठं पत्र मी तयार केलं, चांगली चार पानं. त्यात पृथ्वीच्या फुगीरपणापासून जांभ्या दगडातल्या लोहापर्यंत सगळं होतं. एक प्रत तालुक्याला, एक जिल्ह्याला आणि एक थेट दिल्लीला पाठवायची होती. त्याच महिन्यात आमच्या शिक्षण संस्थेनं गुणवंत शिक्षक पुरस्कारासाठी माझं नाव घेतलं होतं. मानपत्राचा मसुदा मला दाखवला होता आणि त्यात एक वाक्य होतं : 'भूगोलाच्या ज्ञानाचा प्रत्यक्ष उपयोग करून त्यांनी गावाला साकव मिळवून दिला.' या पत्रानं त्या वाक्याला आणखी वजन आलं असतं.

माझं अक्षर कोंबडीचे पाय. म्हणून दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सकाळी शाळेत जाताच मी पत्र स्वच्छ प्रत काढायला सगुणाला दिलं. तिचं अक्षर सुरेख होतं.

सकाळची शाळा सुटल्यावर ती वर्गात थांबली. हातात पत्राची एकच प्रत होती आणि गणिताची वही होती.

"बाकीच्या दोन प्रती?"

"काढल्या न्हाईत, सर. आधी एक इचारायचं हुतं. इचारू?"

"विचार."

"शाळेला यायला मला दीड तास लागतोय. म्हंजी एक तास तीस मिनिटं. पण दशांशात लिवायचं झालं तर एक पॉइंट पाच लिवायचं. एक पॉइंट तीस न्हाई लिवत. व्हय की न्हाई?"

"हो. तासात साठ मिनिटं असतात. शंभर नव्हे."

"अंशातबी साठच असत्यात, सर. तुमीच शिकिवलं."

तिनं वही उघडून माझ्या टेबलावर ठेवली.

"तीन मिनिटं वीस सेकंद म्हंजी दशांशात शून्य पॉइंट शून्य पाचशे छप्पन येतंय. तुमी शून्य तीनशे वीस टाकलंय. पूर्वेला शून्य सातशे पन्नास यायला पायजे, तितं शून्य चारशे तीस हाय. मग मी उलटं केलं. तुमी टाकल्याला आकडा साठानं गुणला, मिनिटं काढली आन् नकाशावर दोरा लावला." ती भिंतीवरच्या नकाशापाशी गेली. तिथे तिनं आधीच पेन्सिलीनं एक बारीक फुली करून ठेवली होती. "हितं येतंय. सड्यावर. आबा म्हणाला तितंच, बकरी बसल्याली तितंच."

मी उठून नकाशापाशी गेलो आणि त्या फुलीवर बोट ठेवलं.

"यंत्र बरोबर हाय, सर," ती म्हणाली. तिच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "उपग्रहबी बरोबर हाय. नुसता आकडा बदलला की साकव वड्यावर येतोय. अजून अठरा दिस हाईत. आबा म्हणत हुता, चूक झाली म्हणून लिवून दिलं की सायेब जागा बदलत्यात."

मी खुर्चीवर बसलो आणि तिची आकडेमोड तपासली. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. मग खिशातलं लाल पेन काढलं, पानावर शेरा दिला, सही केली, तारीख घातली आणि वही मिटून तिच्या हातात दिली.

"आणि त्या दोन प्रती?" तिनं विचारलं.

"राहू देत. घरी जा. ऊन फार झालंय."

तिनं वही उघडून शेरा वाचला. मग माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याविषयी मी काही लिहिणार नाही. ती गेल्यावर मी खोडरबर घेऊन नकाशावरची फुली पुसली. जुना कागद, जपून पुसावी लागली.

सोमवारी हेब्बाळ्यांचा फोन आला. "सर, तुमचं पत्र यायचं होतं ना? उपग्रहाबद्दल?"

"नाही पाठवत. यंत्र बरोबर आहे असं अभ्यासाअंती दिसतंय."

"अरे वा. म्हणजे आकडे चुकले?"

"आकडेही बरोबर आहेत."

पलीकडे सुपारी थांबली. "यंत्र बरोबर आणि आकडेही बरोबर. मग ओढा कुठं गेला, सर?"

"ओढे पात्र बदलतात," मी म्हणालो. "भूगोलात त्याची पुष्कळ उदाहरणं आहेत."

"हे लेखी द्याल?"

ते मात्र मी ताबडतोब लेखी दिलं. एक पान, टंकलिखित, खाली सही, शिक्का. चुकलो म्हणून लिहायला मला एक ओळ लागली असती. ओढाच चुकला आहे असं सिद्ध करायला पान भरलं.

साकव पंधरा दिवसांत उभा राहिला आणि काम, खरं सांगायचं तर, उत्तम झालं. पाणी आडवं येत नव्हतं, पाया ओला होत नव्हता, पुराची भीती नव्हती. गवंडी म्हणाला, असला सुखाचा पूल जन्मात बांधला नाही. दोन्ही बाजूंना चढायला चार चार पायऱ्या, मजबूत कठडे, पिवळा रंग. हेब्बाळ्यांनी मध्यभागी उभं राहून फोटो काढला आणि आकडा चारही दशांश स्थळांपर्यंत जुळला.

उद्घाटनाला तालुक्याहून एक पाहुणे आले. आचारसंहिता लागायच्या आत त्यांना एका दिवसात नऊ फिती कापायच्या होत्या, त्यामुळे पुलाखाली काय आहे हे बघायला त्यांना सवड नव्हती. त्यांनी फीत कापली, चार पायऱ्या चढले, चालत गेले, चार पायऱ्या उतरले आणि म्हणाले, "आता पलीकडच्या लोकांची सोय झाली." पलीकडे एक निवडुंग होता.

मग माझा सत्कार. शाल, श्रीफळ आणि मारुतरावांचं भाषण : "डेळेकर सरांनी आपल्या आंबेखोलचं नाव पृथ्वीच्या गोलावर नेऊन बसवलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोकांना सगळं दिसत होतं, पण जेवण पुलाच्या ठेकेदाराकडून होतं आणि मांडव घातलेला होता.

धुळू आला होता. बकऱ्यांना ऊन लागत होतं, त्या पुलाखाली सावलीत जाऊन बसल्या. साकवाचा उपयोग करणारे ते पहिले जीव. भाषणं संपल्यावर तो माझ्याजवळ आला आणि माझी शाल निरखून बघू लागला.

"ब्येस झालाय साकव, सर," तो म्हणाला. "आता ह्याच्या खाली वडा कवा घालणार?"

सगळे हसले. सरपंच तर पोट धरून हसले. मीही हसलो. मला वाटलं, न हसलो तर लोकांना शंका येईल.

जूनमध्ये शाळा भरली. नववीच्या हजेरीपटावर मी सगुणा झोरे हे नाव स्वतः लिहिलं आणि पुढे पहिल्या दिवसापासून 'गै' लावत गेलो. दसरा झाला, दिवाळी झाली. ओढ्याचं पाणी उतरलं तरी ती आली नाही. एकदा रस्त्यात धुळू दिसला, सोबत बकऱ्या होत्या आणि बकऱ्यांमागे ती होती. मी दुकानात शिरून उगाच काडेपेटी घेतली. जानेवारीत नियमाप्रमाणे तिचं नाव कमी केलं. कारणाच्या रकान्यात 'सतत गैरहजर' लिहिलं. तेही एका अर्थी बरोबरच होतं. मी लिहिलेलं सगळं नेहमी कुठल्या ना कुठल्या अर्थी बरोबर असतं.

पुरस्कार मिळाला. पुढच्या वर्षी आणखी एक मिळाला. सड्यावरचा साकव हळूहळू सरावाचा झाला. उन्हाळ्यात बायका कठड्यावर मिरच्या वाळवत आणि लग्न ठरलेली जोडपी तिथे फोटो काढायला येत. मी निवृत्त झालो.

या सगळ्याला बारा वर्षं होऊन गेल्यावर, गेल्या डिसेंबरात, घरी एक निमंत्रण आलं. साध्या कागदावर, पण अक्षर सुरेख. 'गवळदेवाच्या ओढ्यावरील साकव पूर्ण झाला आहे. आपण अवश्य यावे.' खाली सही : सगुणा येडगे, सदस्य, ग्रामपंचायत आंबेखोल. तिला त्याच डोंगरावरच्या दुसऱ्या वाड्यात दिलं होतं हे मी ऐकलं होतं. घर बदललं तरी ओढा तोच राहिला होता. धनगरवाड्यांची जागा राखीव निघाली तेव्हा ती बिनविरोध आली होती.

मी कोट घातला. खोटं कशाला सांगू, वाटेत मी सत्काराला उत्तर म्हणून दोन-चार वाक्यंही जुळवली. विद्यार्थ्यांनी शिक्षकाच्या पुढे जावं, वगैरे.

तिथे मांडव नव्हता. फीत नव्हती, पाहुणे नव्हते, शालही नव्हती. काळ्या दगडांवरून पाणी खळाळत होतं आणि ज्या वळणावर पूर्वी लाकूड टाकलेलं असे, नेमक्या तिथे साकव उभा होता. पाटीवर कामाचं नाव होतं आणि खाली लहान अक्षरांत आकडे : १६.०५५६, ७४.०७५०. मी ते दोनदा वाचले.

सगुणा कठड्याला टेकून उभी होती. कडेवर नाही, पण पायाशी बिलगलेली पाच-सहा वर्षांची मुलगी होती. धुळू दगडावर बसून चहा पीत होता. त्यानं मला ओळखलं, पण तो उठला नाही.

"आलासा? बरं झालं," सगुणा म्हणाली. "चहा घ्या, सर."

"आकडे कुणी काढले?" मी विचारलं. मला ठाऊक होतं, तरी विचारलं.

"जुनेच हुते. काढायचं काय त्यात?"

तिनं पिशवीतून एक वही काढली. कोपरे दुमडलेले, कव्हर गेलेलं. पान शोधावं लागलं नाही, वही त्याच पानावर उघडली. तिची आकडेमोड होती, एकाखाली एक, एकही खाडाखोड नाही. वरून माझ्या लाल पेनाची भलीमोठी फुली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि फुलीखाली माझा शेरा : 'चूक. भूगोलाच्या तासाला गणित करू नये.' सही. तारीख.

बारा वर्षं मी ते पान विसरल्याचं नाटक स्वतःपुढे केलं होतं. आता ते माझ्या हातात होतं. मला लाज वाटली. ज्या पानावर माझी चूक दाखवली होती, त्याच पानावर मी 'चूक' लिहिलं होतं, तिच्या नावावर, आणि तेवढ्यावर न थांबता तारीख घातली होती.

सवयीनं माझा हात कोटाच्या खिशाकडे गेला. निवृत्तीनंतरही लाल पेन खिशात असतं. "दे इकडं," मी म्हणालो. "मी दुरुस्त करतो. बरोबर लिहितो. सही करतो."

"नको, सर." तिनं वही अलगद काढून घेतली. आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं. "ती तशीच ऱ्हाऊ दे. हिला दाखवायला लागती." तिनं मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "पुढल्या वर्षी शाळेत जाणार. तिला सांगून ठेवलंय, मास्तरांनी फुली मारली म्हंजी आपलं चुकलंच असं न्हाई. घरी यायचं, परत करून बगायचं."

धुळूनं चहाचा शेवटचा घोट घेतला आणि कप ओढ्यात विसळला.

जुळवून आणलेली चार वाक्यं मी तशीच मनात ठेवून दिली. चहा कसाबसा संपवला आणि निघालो. पायऱ्या चढताना पाय अडखळला आणि मी कठडा धरला.

"जपून जावा, सर," सगुणा मागून म्हणाली. "ह्या पुलाखाली पाणी हाय."